थाळीवरचं नाव

पुष्कर वर्द्यांचा फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. पुष्कर हे सिरॅमिक तंत्रज्ञ मंडळाचे सचिव. त्यांचा फोन वर्षातून एकदाच येतो आणि तो माझ्यासाठी कधीच नसतो. हे मंडळ दर वर्षी मृण्मय सन्मान देतं. टाइल्स, कपबशा, विजेच्या खांबांवरचे इन्सुलेटर, वॉशबेसिन आणि (लाजायचं कशाला) कमोड, हे सगळं ज्यांच्या डोक्यातून आणि भट्टीतून निघतं, त्या लोकांमधला हा सगळ्यात मोठा मान. यात पदक नसतं, ढाल नसते. चिनीमातीची एक पांढरीशुभ्र थाळी असते, जेवणाच्या ताटाएवढी, आणि तिच्यावर निळ्या अक्षरांत मानकऱ्याचं नाव. ही थाळी माझी बायको बनवते. इरावती खांबेटे. रिटायर झाल्यापासून दर वर्षी ती दुसऱ्यांची नावं लिहीत आली आहे, आणि दर वर्षी भट्टी उघडल्यावर थाळी उलटसुलट बघून म्हणत आली आहे, "या माणसाला? कशासाठी?"

त्या दिवशी मात्र पुष्कर म्हणाले, "मॅडम, यंदाचं नाव लिहिताना तुम्हाला विशेष आनंद होणार आहे. समितीत एकमत झालंय. अध्यक्षांनी होकार दिला की परवा कळवतो." फोन स्पीकरवर होता म्हणून मीही ऐकलं. इरावतीने फोन ठेवला, आमटीची वाटी बाजूला सारली आणि म्हणाली, "माधव, आपलं नाव आपणच लिहायचं म्हणजे कसं दिसेल रे?"

"दुसऱ्या कुणाला तरी लिहायला सांग," मी म्हणालो.

"कुणाला? अक्षर चांगलं आहे का कुणाचं?"

पुढचे दोन दिवस आमच्या गिरगावातल्या घरात सनई तेवढी वाजायची बाकी होती. तिने पुण्याच्या बहिणीला फोन करून "अजून कुणाला सांगू नकोस" अशी बातमी दिली, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांना कळली. दादरला जाऊन साडी आणली. माझा बंद गळ्याचा कोट कपाटातून निघाला आणि तो अजून होतो का हे मला दोनदा घालून दाखवावं लागलं. मी जन्मभर विमा कंपनीत कारकुनी केली. सन्मान आमच्या घरात यायचा तर तो हिच्याकडूनच येणार होता, आणि खोटं कशाला बोलू, मलाही तो हवा होता. पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची मी मनातल्या मनात तयारी केली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सॲपवर नाव आलं. बकुळा तोंडवळकर.

इरावतीने फोन पालथा ठेवला. मग गवार निवडायला घेतली. गवारीच्या शेंगांचं तिने जे काही केलं ते बघून मी पेपर उचलला आणि गॅलरीत जाऊन बसलो.

बकुळा कोण हे आता सांगायलाच हवं. तीस-पस्तीस वर्षं ती आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज हजर असते. प्रत्यक्ष नव्हे, इरावतीच्या तोंडून. "आज बकुळाने काय केलं माहितीये?" इथून आमचं लग्न सुरू झालं, आणि मला कधीकधी वाटतं की या घरात मी भाडेकरू आहे आणि त्या दोघी मालकिणी. दोघी एकाच दिवशी वॉशबेसिन बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये लागल्या. आमची ही गिरगावातल्या कारकुनांच्या घरातली, फर्स्ट क्लास, नाकासमोर चालणारी. बकुळा लालबागच्या चाळीतली. वडील गिरणीत, मिल बंद पडली तेव्हा ही कॉलेजात. ती बिचारी आणि गरीब गाय वगैरे होती असं कुणी समजू नये. पहिल्या दिवसापासून तिचा आवाज लॅबच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायचा आणि आपल्याला काय येतं हे सांगायला तिला कधी लाज वाटली नाही. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "माझं भट्टीशी झालंय, तिलाच सांभाळताना जीव जातो."

त्या काळात कंपनीच्या बेसिनना एक रोग लागला होता. मला तो इतक्या वेळा समजावून सांगितला गेला आहे की मी आता झोपेतही सांगेन. चिनीमातीच्या वस्तूवर काचेसारखा जो थर असतो त्याला ग्लेझ म्हणतात. भट्टीतून बाहेर निघाल्यावर आतली मातीही आकसते आणि वरचं ग्लेझही आकसतं. ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं, तर धुऊन आटलेल्या ब्लाऊजसारखं अंगावर ताणून बसतं. आज काही दिसत नाही. सहा महिन्यांनी, वर्षाने, कधीतरी शिवण उसवते, म्हणजे ग्लेझवर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं उमटतं. या दोघी त्याला "केस पडणं" म्हणायच्या. केस पडलेलं बेसिन गिऱ्हाईक परत आणून टाकायचं. इरावतीने त्यावर वर्षभर डोकं फोडलं. मग आमची मुलगी झाली, ती रजेवर गेली, आणि रजा संपवून परत आली तेव्हा बकुळाने तो रोग बरा केला होता. पुढे ते ग्लेझ सगळ्या कंपन्यांनी उचललं. आज मुंबईत अर्धे लोक ज्या बेसिनवर तोंड धुतात त्याला केस पडत नाहीत ते बकुळामुळे.

"मी रजेवर नसते तर मलाच सापडलं असतं," इरावती म्हणते. सापडलं असतं, कदाचित. आणि कदाचित नसतंही. हे वाक्य मी घरात कधी बोललेलो नाही, मला या घरात राहायचं आहे.

नाव आलं त्याच संध्याकाळी बकुळाचा फोन. इरावतीने तो चारदा वाजू दिला.

"इरा गो! कळलं ना?"

"कळलं. अभिनंदन."

"नुसतं अभिनंदन काय? नाव मोठं लिही. पोटमाळ्यावर बसलेल्याला पण दिसलं पाहिजे. आणि तोंडवळकरमधला ळ नीट काढ, तुझा ळ नेहमी लंगडतो."

"काढीन."

"आणि ग्लेझ बघून मार हां, नाहीतर माझ्याच थाळीला केस पडायचे आणि लोक हसायचे!" ती स्वतःच खदखदून हसली.

इरावतीही हसली. ते हसणं मी ओळखतो. आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाला अमेरिकेत नोकरी लागली तेव्हा ती तसंच हसली होती.

रे रोडला लाकडाच्या वखारींच्या मागे आमचा एक छोटा गाळा आहे. तिथे तिची विजेवरची भट्टी, चाकं, पावडरींचे डबे. आठवड्यातून तीनेकदा आम्ही जातो. ती काम करते आणि मी वजनं करतो. रिटायर झालेल्या माणसाला बायकोने काहीतरी काम द्यावं म्हणून तिने मला तराजू दिला, आणि आता मला तिच्या थाळीच्या ग्लेझची कृती तिच्याइतकीच पाठ आहे. ती चष्मा कपाळावर सरकवून आकडे सांगते, मी पावडर मापतो. ते सगळं पाण्यात कालवून, चाळून, नाव लिहिलेल्या थाळीवर ओततात.

बकुळाचं नाव तिने सुंदर लिहिलं, हे मान्य केलंच पाहिजे. ळ तर असा काढला की बघत राहावं. मग ग्लेझ करायला बसली.

"क्वार्ट्झ," ती म्हणाली आणि आकडा सांगितला.

मी हात थांबवला. "इरा, चुकतंय. आपण नेहमी घालतो त्याच्या निम्मंच झालं हे."

"चुकत नाहीये."

"फेल्डस्पार?"

तिने तोही आकडा सांगितला. नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त. क्वार्ट्झ कमी आणि फेल्डस्पार जास्त म्हणजे काय, हे इतकी वर्षं जेवताना ऐकून मला कळत होतं. ग्लेझ जास्त आकसणार. थाळी भट्टीतून आरशासारखी निघेल, स्टेजवर मिरवेल, लालबागच्या खोलीत भिंतीवर लागेल, आणि कधीतरी पावसाळ्याच्या सुमारास बकुळाच्या नावावर केस पडतील. ज्या बाईने सगळ्या मुंबईची बेसिनं वाचवली, तिच्याच थाळीला. आणि तेव्हा कुणी विचारलंच तर म्हणता येईल, अरे, दमट हवा, काय करणार.

"अगं, हे बरं नाही," मी म्हणालो.

"तू तराजू बघ."

मी तराजू बघितला. मी क्वार्ट्झ थोडं जास्त टाकू शकलो असतो. तिला कळलंही नसतं. पण पहिल्या रांगेतली ती टाळी माझीही गेली होती, आणि त्याचा मला राग होता. मी तिने सांगितलं तेवढंच मापलं, काटा अगदी बरोबर आणला.

थाळी मला वाटलं होतं तशीच निघाली. गुळगुळीत, पांढरी, एक डाग नाही. इरावतीने तिला बोटाच्या पेराने वाजवलं. लांबपर्यंत चालणारा स्वच्छ आवाज आला. मग मऊ कापडात गुंडाळून तिने थाळी खोक्यात ठेवली.

समारंभ जानेवारीत होता, दादरच्या हॉलमध्ये, संध्याकाळी. नवी साडी इरावती नेसली नाही. "सुती पुरे," म्हणाली. एसी इतका लावला होता की म्हाताऱ्या सभासदांनी गळ्याभोवती मफलर गुंडाळले. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो, पहिली रांग बकुळाच्या माणसांनी भरली होती. लालबागहून गाडी भाड्याने करून आख्खा मजला आला होता. बकुळाची वहिनी कांता, शेजारच्या आनंदीबाई, गजरे माळलेल्या आणखी सात-आठ जणी, आणि एकीकडे लाडवांचा डबा, भाषणं चालू असताना हातोहात फिरणारा.

बकुळा स्टेजवर मोरपंखी साडीत बसली होती आणि भलती खूश होती. तो खूशपणा लपवायचा तिने जराही प्रयत्न केला नाही. मला तो बघवत नव्हता. इरावतीला तर नव्हताच. तिने पर्सचा पट्टा बोटांना गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

मंडळाची एक जुनी पद्धत आहे. थाळी हातात दिली की मानकऱ्याने ती माइकजवळ धरून बोटाने वाजवायची. चांगली भाजलेली, न तडकलेली चिनीमाती घंटेसारखी वाजते, आणि तो नाद सगळ्यांनी ऐकायचा. मग टाळ्या. बाहेरून आलेले पाहुणे गोंधळतात, पण ही माणसं मात्र डोळे मिटून ऐकतात. गवयाची तान ऐकावी तसं.

अध्यक्ष थाळी उचलायला वाकले तेवढ्यात कांता उठली. "ओ साहेब, थांबा वाईच! आधी आमी ओवाळतो."

कार्यक्रमपत्रिकेत असं काही नव्हतं. पुष्कर घड्याळाकडे बघू लागले. पण आठ बायका स्टेजची पायरी चढू लागल्या तर त्यांना कोण अडवणार? कांताने पिशवीतून निरांजन काढलं, कुंकू, अक्षता, सुपारी काढली, आणि पिशवीत हात घालून चाचपत राहिली.

"गो, तबक खंय?" तिने आनंदीबाईंना विचारलं.

"गाडीत रवलां वाटता."

"आता?"

आनंदीबाईंनी टेबलाकडे बघितलं. मखमलीवर ठेवलेली थाळी त्यांच्यासमोरच होती. "ह्यां घे की. ह्यां काय वायट आसा?"

आणि कांताने मृण्मय सन्मान उचलला, त्यात बकुळाच्या नावावर निरांजन ठेवलं आणि वात पेटवली.

हॉलमध्ये हशा झाला, प्रेमाचा. कुणाला काळजी वाटली नाही, कारण चांगल्या ग्लेझच्या थाळीवर निरांजन ठेवलं तर काही होत नाही. इरावतीचा हात मात्र माझ्या मनगटावर आला आणि घट्ट बसला. ताणून बसलेल्या ग्लेझवर पितळेचं निरांजन, मधोमध आच, वरून एसीचा गार झोत. तिने नुसतं उठून "अहो, दिवा नका ठेवू त्यावर" म्हटलं असतं तर भागलं असतं. थाळी तिने केलेली, तिचा शब्द कुणी मोडला नसता. ती अर्धी उठलीसुद्धा. मग खाली बसली. का बसली ते मी तिला अजून विचारलेलं नाही. आणि मी तरी कुठे उठलो?

एकेकीने ओवाळलं. सगळ्यांनी ओवाळलं. सावकाश, फोटोसाठी थांबून थांबून. मग कांताने निरांजन उतरवलं आणि थाळीवर पडलेलं तेल आणि कुंकू दिसलं म्हणून, आपली वस्तू स्वच्छ करावी तशा मायेने, बाटलीतल्या गार पाण्यात रुमाल भिजवून तापलेली थाळी पुसली.

"मेलो आपण," इरावती पुटपुटली.

बायका जागेवर परतल्या आणि अध्यक्षांनी थाळी बकुळाला दिली. "आता नाद," ते म्हणाले. हॉल गप्प झाला. बकुळाने थाळी माइकसमोर धरली आणि बोटाचं पेर मारलं. टण्ण. सुरेख आवाज आला, भरून राहिला, हळूहळू विरला. लोक टाळ्यांसाठी हात उचलणार, त्या शांततेत माइकमधून ऐकू आलं, टिंग.

अगदी बारीक. काचेच्या बांगडीला नख लागावं तसं. मग पुन्हा, टिंग. मग दोन लागोपाठ.

दुसऱ्या कुठल्याही हॉलमध्ये लोकांना वाटलं असतं की माइक बिघडला. इथे जवळजवळ प्रत्येकाने जन्म हा आवाज टाळण्यात घालवला होता. ग्लेझ तडकतंय. मिटलेले डोळे उघडले. कुणीतरी "अरेरे" म्हणालं. आणि मग माना वळू लागल्या, एकेक करून, आमच्या रांगेकडे. थाळी कोण करतं हे सगळ्यांना माहीत होतं.

बकुळाने थाळी दिव्याखाली तिरकी केली. बराच वेळ पाहिलं. तिने काय पाहिलं ते मला नंतर चहाच्या वेळी दिसलं. निरांजन होतं तिथून, तिच्या नावाच्या मधून, चहूकडे केस निघाले होते. तिने मान वर केली ती थेट इरावतीकडे. तिच्या तोंडावरचा आनंद पुसला गेला होता. हेच तर आम्हाला बघायचं होतं, आणि बघून मला जराही बरं वाटलं नाही.

मग ती माइककडे झुकली.

"घाबरू नका," ती म्हणाली. "फुटत नाहीये. जन्मभर मी केस घालवायच्या मागे लागले होते. तर माझी मैत्रीण इरावती खांबेटे म्हणाली असेल, बाई, तू घालवलेस ते सगळे केस मी तुला परत देते. मुद्दाम केलंय हे तिने. भट्टीतून थाळी साफ काढायची, नाद पण चोख ठेवायचा, आणि स्टेजवर दिवा दाखवला की केस पडले पाहिजेत. हे टायमिंग इथे कुणाला जमेल? मला तर नाय जमणार. उठ गो इरा, लोकांना दिसू दे."

मग मागून कुणीतरी "वा!" म्हणालं आणि हॉल कोसळला. इतक्या टाळ्या बकुळाच्या नावालाही पडल्या नव्हत्या. अध्यक्ष उभे राहिले, मग सगळेच. आनंदीबाईंनी वळून माझ्या बायकोच्या गालांवरून हात फिरवला आणि बोटं कडाकडा मोडली. इरावती उभी राहिली, नमस्कार केला. आयुष्यभर तिला ही टाळी हवी होती. तिचे डोळे भरून आले आणि लोकांना वाटलं, आनंदाने.

चहाच्या टेबलाशी तिच्याभोवती गर्दी झाली. कुणी कृती विचारत होतं, कुणी फोटो काढत होतं. ती बशीतलं वेफर मोडत "छे हो, सहज," एवढंच म्हणत होती. पुष्कर गर्दीतून वाट काढत आले. "मॅडम, कमाल! खरं सांगू, तुमचं नाव इतकी वर्षं चर्चेत येतं आणि मागे पडतं. काहीतरी ठळक दाखवायला हवं होतं, ते आज मिळालं. पुढच्या वर्षी तुम्हीच. सूचक म्हणून बकुळाताईंचं नाव घालू? काय हो बकुळाताई?"

बकुळा लाडू खात शेजारीच उभी होती. "घाला की," ती म्हणाली. आणि पलीकडे कांताला ओरडून सांगितलं, "तुम्ही व्हा पुढे, मी इराच्या टॅक्सीतून येते."

टॅक्सीत मी पुढे बसलो, त्या दोघी मागे. थाळी बकुळाच्या मांडीवर, शालीत गुंडाळलेली. भोईवाड्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर कुठलीशी वरात अडकली होती, टॅक्सी थांबली, आणि शालीतून आवाज आला, टिंग.

"क्वार्ट्झ किती कमी केलंस?" बकुळाने विचारलं.

इरावतीने पर्सचा पट्टा बोटांना गुंडाळला.

"निम्मं?"

"निम्म्याहून थोडं जास्त ठेवलं."

"फेल्डस्पार वाढवलंस."

"हो."

"हं. कधी पडतील असं धरलं होतंस?"

"पावसाळ्यात."

"पावसाळ्यात नसते पडले," बकुळा म्हणाली. लॅबमध्ये चूक दाखवताना तिचा आवाज असाच असणार. "तू माती उत्तम भाजतेस, पाणी शोषत नाही ती. दोन वर्षं तरी टिकली असती. कांताने दिवा ठेवला म्हणून." ती जरा थांबली. "दोन वर्षं मी तुझी थाळी भिंतीवर लावून सगळ्या चाळीला दाखवली असती गो. इराने केलीय म्हणून."

"मग सांगितलं का नाहीस?" इरावतीचा आवाज फाटला. "तिथेच सांगायचं होतंस सगळ्यांना! माझी अब्रू वाचवायला मी तुला सांगितलं होतं?"

"तुझी अब्रू?" बकुळा हसली, पण ते तिचं नेहमीचं हसणं नव्हतं. "तुझी अब्रू गेली खड्ड्यात. माझा दिवस होता तो. मी खरं सांगितलं असतं तर उद्यापासून सगळे तुझंच बोलले असते. इरावती खांबेटेंनी काय केलं, कसं केलं, कशासाठी केलं. काम जन्मभर मी करायचं आणि गोष्ट तुझी व्हायची? ते मी होऊ देईन?"

टॅक्सीवाल्याने आरशात बघितलं आणि रेडिओ बंद केला. त्याच्या शेजारी बसल्या बसल्या मला रस्त्यातच उतरावंसं वाटत होतं.

"पुढच्या वर्षी मी सूचक होईन," बकुळा म्हणाली. "तुला मिळेल. पुष्कर सोडायचा नाही आता. सगळे उभे राहून टाळ्या वाजवतील, मी पण वाजवीन. फक्त तो कशासाठी मिळाला ते तुला माहीत असेल आणि मला. आणि या माधवरावांना, वजनं तेच करतात ना?"

मी मागे वळून बघितलं नाही.

"नको असेल तर आत्ता सांग. पुष्करला फोन लावते. तिचं नाव घालू नका, तिला नकोय, एवढंच सांगीन. कारण सांगणार नाही." पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला. फोनचा उजेड टॅक्सीच्या छतावर पडला.

मी वाट बघत होतो. माझी बायको तापट आहे, खोचक आहे, पण मानी आहे. ती म्हणेल, नको. म्हणायला हवंच. लालबागचा सिग्नल लाल होता. इरावती खिडकीबाहेर बघत होती, मिठाईच्या दुकानात कुणीतरी बुंदीची परात उचलत होतं. मी वाट बघत होतो, आणि एकीकडे माझ्या डोळ्यांसमोर पहिली रांग येत होती, माझा बंद गळ्याचा कोट, माझी टाळी. सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजले. ती काही बोलली नाही.

फोनचा उजेड विझला. "वाटलंच," बकुळा म्हणाली. "भैया, यहीं रोको."

ती उतरली. थाळी छातीशी धरून, फुटपाथवरच्या माणसांना बाजूला करत चाळीच्या तोंडाशी गेली. तिथे तिची मंडळी आधीच पोचली होती. कुणीतरी हातातून शाल सोडवली, थाळी वर धरली, आणि मुलं ओरडायला लागली. बकुळाने एकदाही मागे बघितलं नाही.

टॅक्सी निघाली. भायखळ्याचा पूल आला. मी म्हणालो, "जाऊ दे. उद्या मी करतो पुष्करना फोन."

"बघितलंस ना," ती म्हणाली, जणू मी काही बोललोच नव्हतो. "मी असते तर तिथल्या तिथे सांगून मोकळी झाले असते. मला नसतं राहवलं. ती गप्प बसली. आख्ख्या हॉलसमोर, एवढी तोंडाळ बाई, गप्प बसली. तेवढंही तिलाच जमलं, माधव. तेवढंही."

ती रडत होती आणि तिला राग आला होता. कुणाचा, ते विचारायची गरज नव्हती.

"फोन करू ना उद्या?" मी परत विचारलं.

तिने पदराने नाक पुसलं.

"नको करूस," ती म्हणाली. "मला हवाय तो. अजूनही हवाय रे."